गुरूच्या अतिनील ऑरोराचा डेटा: मास्ट की एपिस?

गुरूच्या ध्रुवांवरचा अतिनील ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून अभ्यासायचा असेल, तर दोन दारं उघडी आहेत आणि दोन्हीकडे माल फुकट आहे. एक बाल्टिमोरचं मास्ट, म्हणजे हबलचा मूळ संग्रह. दुसरं पॅरिस वेधशाळेचं एपिस. बाह्य ग्रहांची हबलने घेतलेली अतिनील निरीक्षणं तिथे प्रक्रिया करून मांडून ठेवली आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो: बघायचं एपिसवर, मोजायचं मास्टवरून उतरवलेल्या फाइलीत. उलटं केलं की एक तर वेळ जातो, नाही तर आकडे चुकतात.

आधी मालाविषयी. गुरूसाठी हबलची दोन उपकरणं कामाची: स्टिस (चित्र आणि वर्णपट दोन्ही घेणारं) आणि एसीएस या कॅमेरा-संचातला अतिनील कॅमेरा एसबीसी. स्टिस फेब्रुवारी 1997 मध्ये बसवलं, ऑगस्ट 2004 मध्ये बंद पडलं आणि मे 2009 च्या दुरुस्ती मोहिमेत पुन्हा सुरू झालं. त्यामुळे मधल्या वर्षांतलं जे काही हवं ते एसबीसीकडेच मागायचं. 2007 ची मोठी मोहीम, प्रस्ताव क्रमांक 10862, त्यातलीच. एसबीसीचं दृश्यक्षेत्र जरा मोठं, सुमारे 35 बाय 31 कोनीय सेकंद. स्टिसचं 25 बाय 25. गुरू प्रतियुतीला, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना, सुमारे 50 कोनीय सेकंदांपर्यंत फुगतो, त्यामुळे स्टिसच्या चौकटीत फक्त ध्रुवाकडचा भाग मावतो. तरीही निवड करायची तर स्टिस घ्यावं, कारण त्यात टाइम-टॅग पद्धत आहे: प्रत्येक फोटॉन कुठे आणि कधी आला याची नोंद, 125 मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत. एसबीसीत ती सोय नाही. एक्सपोजर संपलं की बेरीज हातात येते.

मास्टवर शोधताना नवखा माणूस आकाशातलं स्थान टाकतो आणि फसतो. ग्रह सरकतो, त्यामुळे त्या रकान्याचा इथे उपयोग नाही. लक्ष्याचं नावही प्रस्ताव देणाऱ्याने ठेवलेलं असतं आणि प्रत्येकाची पद्धत निराळी. सरळ प्रस्ताव क्रमांकाने शोधावं. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या काळातली निरीक्षणं हवी असतील तर 14105 आणि 14634 पासून सुरुवात करावी. मग फिल्टर पाहावा. एफ25एसआरएफ2 म्हणजे स्ट्रॉन्शियम फ्लोराइडचा; तो साधारण 1280 अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबीचं एकक) खालचं अडवतो, म्हणजे हायड्रोजनची 1216 ची लायमन-अल्फा रेषा गाळली जाते. पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनचा झगमगाटही त्याच रेषेत असतो, म्हणून ऑरोराच्या आकारासाठी हाच फिल्टर बरा. बिनफिल्टरच्या चित्रात प्रकाश जास्त मिळतो, पण पार्श्वभूमीही तेवढीच चढते.

आता फाइली, आणि खरी मेख इथेच आहे. मास्ट तुम्हाला एफएलटी आणि एक्सटूडी नावाच्या तयार प्रतिमा देतं. दिसायला छान असतात, पण गुरूसाठी त्या अर्ध्या कच्च्या समजाव्यात. एका कक्षेत हबलला गुरू सलग साधारण 40 ते 45 मिनिटं मिळतो, आणि गुरूचा दिवस 9 तास 55 मिनिटांचा. 40 मिनिटांत ग्रह 24 अंश फिरतो. तयार प्रतिमा ही सगळ्या एक्सपोजरची बेरीज असल्यामुळे त्यात ऑरोराचं मुख्य कडं फासल्यासारखं दिसतं, आणि ध्रुवाजवळचे मिनिटा-दोन मिनिटांत उजळून विझणारे ठिपके तर हरवूनच जातात. म्हणून टाइम-टॅगच्या नोंदींची टॅग फाइल उतरवावी. प्रत्येक फोटॉनला 10 बाइट लागतात. सेकंदाला 5,000 फोटॉन आणि 2,400 सेकंद धरले तर 1 कोटी 20 लाख नोंदी, म्हणजे सुमारे 120 एमबी. नांदेडच्या वसतिगृहातल्या वायफायवरही उतरते.

टॅग फाइल उघडल्यावर चार स्तंभ दिसतात: वेळ, दोन अक्ष आणि डॉप्लर दुरुस्तीआधीचा पहिला अक्ष. स्थानं 2048 बाय 2048 च्या जाळीत असतात, प्रत्यक्ष पिक्सेल मात्र 1024 बाय 1024 धरायचे. दोन बाय दोन एकत्र केल्याशिवाय पिक्सेलचा आकार 0.0246 कोनीय सेकंद येत नाही. हे विसरलं की ग्रह दुप्पट मोठा निघतो आणि माणूस तासभर त्रिज्येचं सूत्र तपासत बसतो. वेळेचा स्तंभ 125 मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांच्या पूर्णांकात साठवलेला असतो. ॲस्ट्रोपाय हे पायथनमधलं खगोलशास्त्राचं पॅकेज त्याचे सेकंद आपणहून करून देतं, पण स्वतःचा वाचक लिहिला असेल तर गुणाकार आपणच करायचा.

नोंदींचे वेळेनुसार तुकडे पाडायला स्टिसटूल्स या पायथन पॅकेजमधलं इन्टटॅग वापरावं: सुरुवातीची वेळ, तुकड्याची लांबी, तुकड्यांची संख्या. 30 सेकंदांचे तुकडे ऑरोरासाठी चांगले. 10 च्या खाली गेलात तर उजळ भाग सोडून सगळं फोटॉनांच्या चढउतारात बुडतं. मग त्यातलंच बेसिकटूडी चालवून फ्लॅट (पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतला फरक) आणि डार्कची (शोधकाची प्रकाशाविनाची मोजणी) दुरुस्ती. इथे दोन अडथळे हमखास येतात. संदर्भ फाइली वेगळ्या उतरवून ओरेफ नावाच्या चलात त्यांचा पत्ता द्यावा लागतो. तो नसेल तर प्रोग्रॅम मध्येच थांबतो. आणि त्यामागचं एचएसटीकॅल, म्हणजे हबलच्या डेटाच्या दुरुस्तीचा मूळ प्रोग्रॅम, हे विंडोजवर चालत नाही, लिनक्स किंवा मॅक लागतो. संगणक विंडोजचा असेल तर आधी विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल बसवून घ्या.

एवढं झाल्यावरही चित्रात गुरूचं केंद्र कुठे आहे हे फाइल सांगत नाही. शीर्षकातले निर्देशांक मार्गदर्शक ताऱ्यांच्या नोंदीवर अवलंबून असतात. जुन्या निरीक्षणांत त्यात 1 कोनीय सेकंदाची चूक सहज असू शकते. 1 कोनीय सेकंद म्हणजे 40 पिक्सेल, आणि गुरू जवळ असतानाही सुमारे 3,000 किलोमीटर. म्हणून केंद्र हातानेच बसवावं लागतं. एसआरएफ2 मधून परावर्तित सूर्यप्रकाश थोडा येतो आणि ग्रहाची कडा अंधूक दिसते. तिच्यावर 71,492 आणि 66,854 किलोमीटर त्रिज्यांचा लंबवर्तुळ बसवायचा. अंधारलेली बाजू वगळावी, नाही तर केंद्र सूर्याच्या दिशेने सरकतं. ही कडा तीक्ष्ण नसते, त्यामुळे एखाद-दुसऱ्या पिक्सेलची अनिश्चितता राहतेच. ग्रहाच्या मध्यावर ती किरकोळ. पण ऑरोरा कडेजवळच असतो, आणि तिथे तेवढ्यानेच अक्षांश कित्येक अंशांनी हलतो.

ग्रहाची मांडणी नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेवरून घ्यावी, निरीक्षक म्हणून 500@-48 देऊन. हे हबलचं स्थान. 13, 14, 17 आणि 21 या क्रमांकांखाली व्यास, समोरचं रेखांश-अक्षांश, उत्तर ध्रुवाचा कोन आणि प्रकाशाचा प्रवासकाळ मिळतो. समोरचं रेखांश प्रकाशकाळ धरूनच दिलेलं असतं. त्यातून पुन्हा 40 मिनिटं वजा करणारे बरेच, आणि मग सगळा नकाशा 24 अंशांनी चुकतो. उलट जुनोच्या घड्याळाशी तुलना करताना मात्र हबलच्या वेळेतून प्रकाशकाळ वजा करावाच लागतो, अंतरानुसार साधारण 35 ते 52 मिनिटं.

तेजाचे आकडे किलोरेले या ऑरोराच्या तेजाच्या एककात हवे असतील तर फिल्टरपुरता एक गुणक पुरत नाही. हायड्रोजन रेणूंचा प्रकाश वर येताना मिथेन 1400 अँगस्ट्रॉमच्या खालचा भाग खातो. किती खाल्ला हे रंग-गुणोत्तरावरून कळतं: 1550 ते 1620 चा प्रकाश भागिले 1230 ते 1300 चा. काहीच शोषण नसेल तर हे सुमारे 1.1 येतं, इलेक्ट्रॉन जितके खोल शिरले तितकं ते वाढतं. प्रतिमेवरून ते काढता येत नाही, त्याला स्टिसच्या जी140एल या प्रकाश फाकवणाऱ्या जाळीचा वर्णपट लागतो. म्हणून केवळ प्रतिमेवरून एकूण ऊर्जा काढली असेल तर गुणोत्तर किती गृहीत धरलं ते लिहावंच.

पार्श्वभूमीचं एक पथ्य. टाइम-टॅगमधून एकूण मोजणीचा आलेख काढा. एक्सपोजरच्या टोकांना, दुर्बीण पृथ्वीच्या कडेजवळ पाहत असताना, वातावरणातल्या ऑक्सिजनच्या 1304 च्या रेषेमुळे रेघ वर चढते. ती मिनिटं कापून टाकावीत. उपकरण तापलं की शोधकाचा स्वतःचा अंधारप्रवाहही वाढतो. गुरूच्या उजळ कड्याला त्याने फरक पडत नाही, शनी किंवा युरेनससाठी मात्र तोच मुख्य शत्रू.

एपिसकडे वळू. ग्रह, तारीख, उपकरण, फिल्टर निवडा आणि छोट्या चित्रांची रांग समोर येते, ग्रहाची जाळी आखलेली, सोबत अक्षांश-रेखांशातली प्रक्षेपणं. टॉपकॅट आणि अलादीन या खगोलशास्त्राच्या प्रोग्रॅममधूनही थेट उघडतं. कोणत्या निरीक्षणात आयोचा ठसा (गुरूचा उपग्रह आयो ऑरोरात उमटवतो तो उजळ ठिपका) कडेआड गेला आहे, कशात नीट दिसतो, हे मास्टवर एकेक फाइल उघडून पाहण्यापेक्षा इथे पाच मिनिटांत कळतं. निवडीसाठी याहून चांगली जागा नाही. पण कुठल्याही प्रक्षेपणात प्रकाश एकाच उंचीवर आहे असं धरावं लागतं. आयोच्या ठशाची शेपटी 1 बारच्या पातळीपासून सुमारे 900 किलोमीटर वर असते, मुख्य कडं त्याच्या बरंच खाली. एकाच नकाशावरून दोघांचे अक्षांश वाचले तर एकाचा तरी चुकीचा येणार. मोजमाप करायचं असेल तर उंची आपण ठरवून प्रक्षेपण आपणच करावं.

हिसाकी या जपानी अवकाश दुर्बिणीचा आणि जुनोचा डेटाही आहे, पण त्यांचं काम वेगळं. हिसाकीने वर्णपट दिला, चित्र नाही. जुनोवरचं यूव्हीएस हे अतिनील उपकरण अगदी जवळून पाहतं, मात्र यान 30 सेकंदांत एक फेरी घेतं आणि त्यातला थोडाच वेळ पट्टा ऑरोरावरून जातो. सलग 40 मिनिटं एकाच जागी नजर हवी असेल तर हबलच.

नवी निरीक्षणं मागणाऱ्यांनी हे धरून चालावं: दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सर्गाच्या पट्ट्यामुळे स्टिसचे अतिनील शोधक दिवसातल्या सलग 5 कक्षांतच वापरता येतात, आणि गुरू आकाशात सूर्याजवळ दिसतो त्या महिन्यांत तर काहीच मिळत नाही. जून 2024 पासून दुर्बीण एकाच जायरोवर (दुर्बिणीचं वळणं मोजणारं उपकरण) चालते. मंगळाच्या कक्षेच्या आतलं सरकतं लक्ष्य तिला आता धरता येत नाही, गुरू मात्र येतो.

सगळी साखळी बरोबर बसली का, याची परीक्षा सोपी आहे. 30 सेकंदांचे तुकडे सिस्टिम 3 या गुरूबरोबर फिरणाऱ्या रेखांशात प्रक्षेपित करून एकामागून एक चालवा. मुख्य कडं बहुतेक जागेवर थांबलं पाहिजे आणि आयोचा ठसा सरकला पाहिजे. आयोचं स्वतःचं रेखांश 40 मिनिटांत सुमारे 18 अंश पुढे जातं. कडंच वाहून जात असेल तर रेखांशाचं चिन्ह उलटं लागलं आहे. कडं श्वास घेतल्यासारखं एका बाजूला फुगत असेल तर केंद्र चुकलं आहे.