फडाच्या मधोमध प्लॉट: पांझराकाठच्या एका योजनेचा अनुभव

धुळ्याहून साक्रीकडे जाताना सुरत-नागपूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगचे फलक दिसतात. त्यांपैकी पांझरा नदीकाठच्या एका योजनेत मी गेल्या पौषात 1,500 चौरस फुटांच्या प्लॉटसाठी 21,000 रुपये टोकन दिले. पौषात व्यवहार नको, असे आई सांगत होती. ते ऐकले असते तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. प्रकरण तहसील कार्यालयात चालू असल्यामुळे योजनेचे आणि गावाचे नाव देत नाही.

आधी जे चांगले वाटले ते सांगतो. एजंट सांगितलेल्या वेळी गाडी घेऊन दारात आला, बोलणे अदबीचे होते, दरात रस्ते, गटारे आणि विजेच्या खांबांचा खर्च धरला आहे की नाही हे त्याने न विचारता स्पष्ट केले, आणि लेआउटचा नकाशा हातात दिला. माहितीपत्रकावर हिरव्यागार गव्हाचे छायाचित्र होते. ते खरेही होते, कारण शेजारच्या फडात, म्हणजे एकाच पिकाखालच्या सामाईक शेतपट्ट्यात, गहू नुकताच निसवला होता. आमच्या प्लॉटच्या जागेवर मात्र मागच्या हंगामाची धसकटे तशीच होती आणि त्यांवरून फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या होत्या.

माझा प्लॉट क्रमांक 34. त्याच्या ईशान्य कोपऱ्याचा सिमेंटचा खुंट शोधताना तो एका अर्धवट बुजवलेल्या चारीच्या पोटात रोवलेला सापडला. मी एजंटला विचारले, तर तो म्हणाला, “जुना नाला आहे साहेब, भराव टाकला की दिसणारही नाही.” पण तो नाला नव्हता. खुंटापासून पन्नासेक पावलांवर वरच्या अंगाला एक वयस्कर पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी वाटणारे, फावड्याने चारीचे तोंड मोकळे करत होते. त्यांनी चिखलात दाबलेले गोणपाट ओढून काढताच पाणी सळसळत पुढे आले, भरावापर्यंत पोहोचले आणि तिथेच पसरून थांबले. त्या पाण्याकडे पाहत ते एवढेच म्हणाले, “पाट बुजाई दिधा, ते खालला लोकेस्नी काय करानं?”

हे पाणी काय आहे ते कळल्याशिवाय या प्लॉटची किंमत ठरवता येत नाही. पांझरेवर जागोजागी बंधारे आहेत आणि त्यांतून निघालेल्या पाटांचे पाणी पंप किंवा वीज न लागता, केवळ उताराच्या बळावर शेतांत पोहोचते. बंधाऱ्याखालचे क्षेत्र साधारणपणे चार फडांत विभागायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि ज्या वर्षी नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, अशी ही फड पद्धत आहे. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने टंचाईचा तोटा एकट्या-दुकट्याच्या अंगावर पडत नाही. पाणी वाटायला पाटकरी आणि पिकाच्या राखणीला जागल्या गावानेच नेमायचा. अशा रचनेत मधले चार एकर काढून घेतले की गावाचे नुकसान चार एकरांवर थांबत नाही, कारण पाट तिथे तुटला की त्याखालचे सगळे शेत कोरडवाहू होते.

गावाचा विरोध आहे तो याच कारणासाठी. एजंटने त्याला “चार माणसांची भाऊबंदकी” म्हटले होते. मी दुसऱ्या रविवारी एकटाच गेलो तेव्हा ग्रामसभेचा ठराव आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली पाट मोकळा करून मिळण्यासाठी केलेला अर्ज, असे दोन्ही कागद पाहायला मिळाले. ग्रामसभेच्या ठरावाने बिनशेती परवानगी आपोआप अडत नाही, हे गावकऱ्यांनाही ठाऊक आहे, आणि जमीन विकणारे बाहेरचे नसून त्यांच्याच भावकीतले आहेत, हेही ते लपवत नाहीत. ज्याची मुले सुरतेला आणि नाशिकला स्थिरावली त्याने जमीन विकली तर त्याला दोष देणे मला जमणार नाही. मात्र विकणाऱ्याने स्वतःची जमीन विकली होती, सगळ्यांचा पाट विकलेला नव्हता, एवढा फरक योजनेच्या नकाशाने पुसून टाकला आहे. दहा टक्के खुली जागा सोडण्याचा नियम आहे म्हणून ती पट्टी नेमकी पाटाच्या वरच्या भागावर दाखवली आहे आणि पाटाच्या काठाला “जॉगिंग ट्रॅक” असे नाव दिले आहे. ही युक्ती पाहून मला हसावे की रडावे ते कळेना.

ग्राहक म्हणून माझी मुख्य तक्रार कागदांची आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील प्लॉटिंगला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही आणि 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. इथे फलकावर तो कोड नव्हता आणि विचारल्यावर “नंबर प्रोसेसमध्ये आहे” असे उत्तर मिळाले. टोकन देण्याआधी मी फलक नीट पाहिला नाही, ही चूक माझी. पाटाचा वहिवाटीचा हक्क प्लॉटबरोबर माझ्याच गळ्यात पडणार होता, म्हणजे मी घराचा पाया खोदायचा आणि खालच्या शेतकऱ्याने दिवाणी न्यायालयातून मनाई आणायची, हेही कोणी सांगितले नव्हते. अशा ठिकाणी केवळ सातबारा पाहून भागत नाही. पाणी आणि वाटेच्या रूढी ज्यात नोंदवायच्या असतात ते वाजिब-उल-अर्ज गावाच्या दप्तरात आहे का, हे तलाठ्याकडे विचारावे, आणि सुगीच्या दिवसांत एकदा एकट्याने जाऊन पाणी कोणत्या वाटेने येते ते पाहावे.

टोकन परत मिळायला दहा आठवडे आणि सात फोन लागले, रक्कम मात्र पूर्ण मिळाली. शेवटच्या फोनवर एजंटने त्याच दरात प्लॉट क्रमांक 12 देऊ केला, कारण त्यातून पाट जात नाही. मी पुन्हा नकाशा उघडला, तर 12 ला जाणारा नऊ मीटरचा रस्ता 34 जवळच्या त्याच भरावावरून आखलेला होता.