ग्रीनलिप घ्यावी की ब्लॅकलिप?

मेलबर्नला राहायला आलेल्या मासेखाऊ मराठी माणसाला ॲबलोनी पहिल्यांदा घेताना हा प्रश्न पडतोच. दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याच्या थंड पाण्यात, दगडाला घट्ट चिकटून राहणाऱ्या समुद्री गोगलगायी. मांसल पायाची कड हिरवी असेल तर ग्रीनलिप, काळी असेल तर ब्लॅकलिप. कवचावरूनही कळतं: ग्रीनलिपचं फिकट आणि बऱ्यापैकी गुळगुळीत, ब्लॅकलिपचं लालसर आणि खडबडीत.

चवीत फरक आहे. ग्रीनलिप सौम्य, गोडसर. ब्लॅकलिपला समुद्राचा वास जास्त आणि मांस अधिक घट्ट. पहिल्यांदाच करणार असाल तर मी ग्रीनलिपच घ्या म्हणेन. पातळ काप करा, लाटण्याने हलके ठोका, कडकडीत तापलेल्या तव्यावर लोणी घालून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट परता आणि लगेच उतरवा. इथे माकुलांचाच नियम लागू: झटपट तरी करा, नाहीतर मंद आचेवर तासन् तास शिजवा. मधल्या वेळेत हाती रबर येतं. तासन् तास शिजवायचा बेत असेल, तर मात्र ब्लॅकलिप घ्या. तिची चव रश्शात उतरते.

शेतीतली ॲबलोनी बहुधा ग्रीनलिप किंवा या दोघींचा संकर, ज्याला बाजारात टायगर म्हणतात. आकाराने लहान, पण कोवळी. ब्लॅकलिप मुख्यतः समुद्रातूनच येते, पाणबुडे एकेक हाताने काढतात. टास्मानिया त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे.

ब्लॅकलिपची मला काळजी वाटते. २००५ च्या अखेरीस व्हिक्टोरियातल्या ॲबलोनी-शेतीत मज्जातंतूंना ग्रासणारा विषाणू आढळला. २००६ मध्ये तो व्हिक्टोरियाच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्रात पसरला आणि ब्लॅकलिपचे खडकच्या खडक ओस पडले. म्हणून कुठलीही घेतलीत तरी साफ करताना निघालेली आतडी आणि कवच समुद्रात टाकू नका, गळाला आमिष म्हणूनही लावू नका. घरच्या कचऱ्यातच जाऊ द्या.

स्वतः बुडी मारून काढणार असाल, तर त्या राज्याचे त्या हंगामाचे नियम आधी वाचा आणि दगडावर असतानाच माप घ्या. ॲबलोनीचं रक्त गोठत नाही. काढताना हत्याराचं पातं लागून जखमी झालेली लहान ॲबलोनी परत ठेवली तरी बहुधा वाचत नाही.