प्रूफमोड: फोटोच्या खरेपणाची नोंद ठेवणारं अ‍ॅप

मारहाणीचा किंवा जाळलेल्या घरांचा फोटो पुढे ठेवला की हल्ली पहिला सवाल येतो, ‘कशावरून खरा?’ गार्डियन प्रोजेक्टचं प्रूफमोड हे मोफत, मुक्तस्रोत अ‍ॅप याच सवालासाठी बनलंय आणि आपलं काम चोख करतं.

ते चालू ठेवून नेहमीच्याच कॅमेऱ्याने फोटो काढायचा. अ‍ॅप त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, काढतं, वेळ, जागा आणि नेटवर्क नोंदवतं आणि फोनमध्येच तयार झालेल्या पीजीपी किल्लीने (गुप्त डिजिटल किल्लीने) सही करतं. हे सगळं मूळ फोटोसकट एका झिपमध्ये मिळतं. एक पिक्सेल बदलला तरी हॅश जुळत नाही. मात्र कॅमेऱ्यासमोरचा प्रसंगच बनवलेला असेल, तर ते हॅशला कळत नाही. त्यासाठी साक्षीदार लागतातच.

घोळ बहुतेकदा पाठवताना होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो टाकला की तो कॉम्प्रेस होतो, एक्झिफ माहिती (फाइलमध्ये दडलेली वेळ, जागा, कॅमेरा यांची नोंद) गळते, हॅश बदलतो आणि सही फुकट जाते. म्हणून झिपच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. क्रॉप करणं, चेहरे धूसर करणं प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. बॅटरी सेव्हर अ‍ॅपला मागच्या मागे बंद पाडू शकतो. त्यातून अ‍ॅपला सूट द्या आणि निघण्याआधी एक चाचणी फोटो काढून नोंद होतेय का पाहा. गॅलरीतल्या जुन्या फोटोचंही प्रूफ बनतं, पण अ‍ॅपने टिपलेली जागा तेव्हाची नसते, प्रूफ बनवतानाची असते. ती घटनेची म्हणून पुढे केली, तर उलटतपासणीत अंगाशी येईल.

सगळ्यात जपायचं ते माणसांना. ही नोंद फोटो काढणाऱ्यालाही उघडं पाडते. पीडित लपून राहत असेल, तर तिथे जागा आणि नेटवर्कची नोंद सेटिंगमधून आधीच बंद करा. फाइल बदललेली नाही हे तरीही दाखवता येतं. झिप फक्त वकिलाकडे द्या, ग्रुपवर कधीच टाकू नका.

इंटरनॅशनल बार असोसिएशन या वकिलांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं २०१५ सालचं आयविटनेस हे अ‍ॅप वेगळ्या वाटेने जातं. फोटो त्याच अ‍ॅपमधून काढायचा आणि संस्थेच्या सर्व्हरवर पाठवायचा, म्हणजे पुराव्याच्या ताब्याची साखळी तुटत नाही. २०१८ साली काँगोतल्या लष्करी न्यायालयात दोन सशस्त्र टोळीप्रमुख दोषी ठरले, त्या खटल्यात या अ‍ॅपने काढलेले फोटो वापरले गेले होते. प्रूफमोडमध्ये ही जबाबदारी तुमची: झिप कुणी, कधी, कुणाला दिली हे वहीत लिहून ठेवावं लागतं. एवढी शिस्त पाळणं जमणार नसेल आणि खटलाच डोळ्यांसमोर असेल, तर आयविटनेस घ्या. फोटो वकील आणि वर्तमानपत्र दोघांनाही द्यायचा असेल, तर प्रूफमोड.