कोबाल्टच्या नावाखाली नीळ विकली, 2,69,140 रुपये बुडाले

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचं, म्हणजे मेणाच्या नमुन्यावर साचा चढवून धातू ओतायचं, युनिट आहे. टर्बोचार्जरची (इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राची) चाकं ओततो, इन्कोनेल 713 या निकेलच्या मिश्रधातूची. धंद्यातल्यांना सांगायला नको, शेलच्या, म्हणजे त्या साच्याच्या, धातूला लागणाऱ्या पहिल्या कोटात कोबाल्ट अ‍ॅल्युमिनेट ही निळी पावडर लागते. ओतलेल्या धातूमुळे त्यातून कोबाल्टचे कण सुटतात आणि त्यांच्यावर धातूचा बारीक दाणा (स्फटिक) धरतो.

नेहमीचा सप्लायर म्हणाला, 6 आठवडे थांबा. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण भेटला. टेस्ट सर्टिफिकेट, जीएसटी नंबर, गोड बोलणं, सगळं चोख. 15 किलो, 3,200 च्या भावाने 48,000, वर जीएसटी 8,640. पूर्ण 56,640 आगाऊ पाठवले. मूर्ख म्हणा. भट्टी थंड पडलेली आणि गिऱ्हाइकाचे रोज चार फोन, तुम्हीही पाठवले असते.

माल निळाशार आला. शेल भाजून काढताना एक हातातून निसटून फुटली. आतून पांढुरकी. आमचा जुना कारागीर म्हणाला, "मालक, नीळ उडाली ना जी." मी त्याच्यावरच खेकसलो. कोबाल्टचा निळा रंग 1000 अंशालाही उडत नाही, हे मला 20 वर्षांपासून ठाऊक आहे. तरी तिथेच न थांबता 34 चाकं ओतली!

एचिंग केलं, म्हणजे दाणे दिसावेत म्हणून पृष्ठभाग आम्लाने खरवडला, तर पात्यांवरचे दाणे नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होते. एक शहाणा म्हणाला, मोठा दाणा क्रीपला (तापात, ताणाखाली हळूहळू लांबण्याला) बरा. असेल. पण मिनिटाला लाखभर फेरे घेणारं चाक फटीगने, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून, तडकतं, त्याचं काय? सगळे नग परत आले, 2,12,500 गेले.

मग पावडरवर पातळ हायड्रोक्लोरिक टाकलं. रंग पळाला, सडक्या अंड्यांचा वास सुटला. कपड्यांना घालायची नीळ! ही चाचणी पुडा फोडताच करा, उघड्यावर करा, नाक जवळ नेऊ नका.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा "दिवाणी मामला आहे, वकील करा." दुसऱ्यांदा "सायबरकडे जा." सायबरवाले म्हणतात, माल तर मिळाला ना? तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलं, "निळी पावडर मागितली, निळीच आली, मग फसवणूक कुठे?" फसवणुकीचं कलम 420 चं आता नव्या कायद्यात 318 झालंय, एवढंच ज्ञान पदरात पडलं. अर्जाची पोच अजून नाही.

सर्टिफिकेटवरच्या लॅबला पैसे पाठवण्याआधी फोन करा. मी नंतर केला. तो बॅच नंबर त्यांनी कधी दिलाच नव्हता.