राजारामपुरीतलं पेज सांभाळणारं ऑफिस : आमचा तीन महिन्यांचा अनुभव

आमच्या घरात नगरसेवकपद दोनदा आलं. आधी दादाकडं, मग वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा वहिनींकडं. सोशल मीडियावरचं पेज तेच ठेवलं, नाव तेवढं बदललं. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनवर दादानं काही लिहिलं की लोक भांडायचे, "नळाला पाणी कधी ते सांगा." तेच वहिनींनी लिहिलं, तर साडी, वय, माहेर सगळं निघालं.

शेवटी राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसला पेज सांभाळायला दिलं. महिना आठ हजार. तिथल्या मुलींनाही शिव्या येतात, म्हणून नाव लिहीत नाही.

त्यांचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे वही. उभी रेघ मारून दोन रकाने: कामाबद्दलच्या कमेंट 'कामावर', माणसावर घसरलेल्या 'अंगावर'. दादाच्या जुन्या पोस्टखालच्या कमेंटसुद्धा त्यांनी बसून उतरवल्या. दादाच्या पाच वर्षांत 'अंगावर'चं जेमतेम एक पान भरलं. वहिनींची पहिल्याच महिन्यात तीन पानं झाली.

"ताई, हे तुमच्या घरापुरतं नाही," त्यातली एक मुलगी म्हणाली. ज्युलिया गिलार्ड आणि केव्हिन रड, दोघं ऑस्ट्रेलियाचेच माजी पंतप्रधान, पक्षही एकच. तरी ट्विटरवर गिलार्डबाईंना जवळपास दुप्पट शिव्या. आपल्याकडं २०१९च्या लोकसभेवेळी अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संस्थेनं ९५ महिला नेत्यांना आलेली १,१४,७१६ ट्विट्स तपासली, तर साधारण सातातलं एक अपमान करणारं किंवा दुखावणारं. मुस्लिम महिलांना धर्मावरून, वंशावरून आलेल्या शिव्या इतर महिलांपेक्षा ९४.१ टक्के जास्त. शेजारच्या वॉर्डातल्या भाभींनी पेज का बंद केलं, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हतीच. त्या तिथं बसल्यात, हेच काहींना सोसत नव्हतं.

शिव्या गाळणारी सोय पेजवर असते, पण तिच्यावर विसंबू नका. दादाच्या तालमीतल्या दोस्तानं मायेनं आईवरून शिवी हासडून "वैनी, झकास काम" लिहिलं, ते गायब झालं. आणि "वैनी, तुम्ही भाकरी थापा, पाण्याचं दादा बघतील" हे दिवसभर तसंच वर. त्यात शिवी कुठं आहे? ते ओळखायला कोल्हापुरात वाढलेलं माणूसच लागतं, आणि या मुली ओळखतात.

दोन गोष्टी खटकल्या. पहिले पंधरा दिवस त्यांनी स्क्रीनशॉट न काढताच घाण पुसून टाकली. पोलिसांकडं जायची वेळ आली तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं. आता तारीख, लिंक सगळं ठेवतात. तुम्ही काम देणार असाल तर हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. आणि रविवारी फोन उचलत नाहीत, शिव्या मात्र रविवारीच जास्त येतात.

आम्ही अजून तीन महिन्यांचे पैसे भरलेत. वही रोज संध्याकाळी घरी येते. वहिनी 'अंगावर'च्या रकान्यावर हात ठेवून वाचतात आणि विचारतात, "मंगळवार पेठेतल्या त्या आजींच्या नळाचं काय झालं?"