फोर्टमधली सूक्ष्म-राजकारण कार्यशाळा: पहिला दिवस चोख, दुसरा घाईचा

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या वर्गात ‘ब्रिटनने ठरवलं’ हे वाक्य सर्रास खपतं. फोर्टमधल्या या दोन दिवसांच्या कार्यशाळेत, जिथे राजकारण एकेका माणसाच्या निर्णयातून वाचायला शिकवतात, त्यावरच पहिली फुली बसते. ब्रिटन म्हणजे कोणता माणूस, आणि त्या दिवशी त्याला काय ठाऊक होतं?

सरावाला 1946 चं नाविकांचं बंड घेतलंय. 18 फेब्रुवारी, कुलाब्याचं ‘तलवार’ प्रशिक्षण केंद्र: निकृष्ट जेवण, कमांडर किंग यांची शिवीगाळ, खलाशांचा जेवणावर बहिष्कार. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान ॲटली कॅबिनेट मिशनची, म्हणजे सत्तांतराच्या बोलण्यांसाठी भारतात येणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाची, घोषणा करतात. मोठ्या कागदावर चार रकाने आखायचे: तारीख-वेळ, व्यक्ती, तिला तोवर कळलेलं, पुरावा. बंडामुळे मिशन आलं, असा बाण ओढायचा मोह कुणालाही होतो. तिसरा रकाना भरला की तो बाण पुसावा लागतो, कारण मिशन पाठवायचं मंत्रिमंडळाने जानेवारीतच ठरवलं होतं. म्हणजे बंडाचा परिणाम शोधायचाच तर पुढच्या महिन्यांच्या कागदांत. 23 तारखेच्या शरणागतीमागे सरदार पटेलांचा सल्ला होता. त्यांचं गणित काय, ही वेगळी ओळ.

तिसरा रकाना चुकतो तो नंतरच्या माहितीने भरल्यामुळे. बंडाच्या चौकशी आयोगापुढची साक्ष घटनेनंतरची, तीही नोकरी आणि शिक्षेचं भान ठेवून दिलेली. तिला त्या दिवशीच्या तारेइतकं वजन देऊ नये. घड्याळाचीही गंमत आहे. मुंबईत 1955 पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ चालायचा, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. नोंदीतली वेळ कुठल्या घड्याळाची, हे आधी ठरवा. नाहीतर आदेश आणि त्यावरची प्रतिक्रिया यांचा क्रम उलटा लागेल. आयोजकांनी हे सांगितलंच नाही. शिवाय वाटलेल्या झेरॉक्स इतक्या पुसट की तारखा अंदाजाने वाचायच्या.

दुसऱ्या दिवशी स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाने जमवलेल्या जगभरच्या हिंसाचार-नोंदींचा नकाशा उघडतात, पण स्थान-अचूकतेचा रकाना तसाच सोडतात. त्यात 1 म्हणजे नेमकी जागा, 2 म्हणजे साधारण 25 किलोमीटरच्या आत, 3 म्हणजे फक्त जिल्हा माहीत, 4 म्हणजे फक्त राज्य. जिल्हावार तुलना करायची तर 1 ते 3 ठेवा, बाकी गाळा. न गाळल्यास राज्यभरच्या अस्पष्ट नोंदी एकाच ठिपक्यावर साचतात आणि शांत गाव पेटलेलं दिसतं.

मुलाखतींचं सत्र उरकलेलं. पूर्ण शुल्क घेणार असतील तर एकट्या पहिल्या दिवसाची नोंदणी मिळते का, विचारून बघा. त्या दिवशी लॅपटॉप लागत नाही, फूटपट्टी लागते.