१६ जीबी रॅम का ५१२ची एसएसडी? लॅपटॉपात पैसे कुठं घालायचे

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला ॲडमिशन झाली की सांगलीतल्या निम्म्या घरात एकच चर्चा, ८ जीबी रॅम आणि ५१२ची एसएसडीवाला घ्यायचा का १६ रॅम आणि २५६वाला, कारण १६ आणि ५१२ दोन्ही बजेटात बसत नाही. रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, एसएसडी म्हणजे फाइली साठवायची जागा, म्हणजे स्टोरेज, आणि हे सगळे आकडे जीबीत. दुकानात ५१२ दाखवतात, आकडा मोठा दिसतो ना.

माझं मत सरळ आहे, जे नंतर वाढवता येणार नाही त्याला आधी पैसे घाला. आणि ते बहुतेक वेळा रॅम असतं. हल्लीच्या पातळ लॅपटॉपात एलपीडीडीआर५ जातीची रॅम मदरबोर्डलाच (मुख्य सर्किटला) सोल्डर केलेली असते, ती कुठलाच रिपेअरवाला वाढवून देत नाही. एसएसडी मात्र विंडोज लॅपटॉपात जवळपास नेहमी एम.२ नावाच्या खाचेत (स्लॉटमध्ये) स्क्रूनं बसवलेली असते, दोन वर्षांनी काढून १ टीबीची टाकली, जुनीचा डेटा जसाच्या तसा नवीवर उतरवला, विषय संपला.

शिवाय कमी पडल्यावर त्रास कुठं होतो तेही बघा. २५६ म्हणजे विंडोजमध्ये २३८च दिसतात, त्यातले विंडोज, ऑफिस आणि अपडेट मिळून ५०-६० सहज जातात, पण जागा भरली तर पिक्चर, फोटो बाहेरच्या डिस्कवर टाकता येतात (फक्त एसएसडी गच्च भरू देऊ नका, स्लो होते). रॅम बाहेरून जोडता येत नाही. ती संपली की विंडोज एसएसडीचा थोडा भाग रॅमसारखा वापरायला लागतं, आणि एसएसडी कितीही फास्ट असली तरी रॅमच्या जवळपास पण जात नाही, मग क्रोम, व्हिडिओ कॉल आणि कोडिंग एकदम चालू असलं की माऊस गोल गोल फिरत बसतो. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सपण त्याच ८ मधनं वाटा घेतं. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) एम्युलेटरसकट, म्हणजे स्क्रीनवरच्या नकली फोनसकट, चालवायचा तर गूगलच किमान १६ मागतं.

आता उलटी केस. मॉडेलमध्ये रॅमचा एक स्लॉट मोकळा असेल तर बिनधास्त ८+५१२ घ्या आणि नंतर ८ची रॅम स्टिक टाका. ड्युअल चॅनल झाल्यामुळं, म्हणजे दोन्ही रॅम एकदम काम करत असल्यामुळं, ग्राफिक्सलापण थोडा जोर येतो. स्लॉट आहे का ते दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका, कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेल नंबरचं स्पेसिफिकेशन उघडा, तिथं सोल्डर्ड का स्लॉट ते लिहिलेलं असतं. स्टिक घेताना रॅमची पिढी डीडीआर४ का ५ बघा, एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर नुसतं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि व्हॉट्सॲप वेब चालवायचंय? ८ पुरे, उगाच खर्च नको. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांनी १६च्या खाली बघूच नये, आणि फुटेजसाठी ५१२च्यापण नादाला लागू नका, १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात, एक्स्टर्नल डिस्क लागणारच आहे.

मॅकबुकचं गणित वेगळं, तिथं दोन्ही नंतर वाढत नाही. एअर ऑक्टोबर २०२४ पासून १६ जीबीपासूनच सुरू होतो, म्हणजे तिथं उरलेले पैसे स्टोरेजलाच घाला.